एका पायावर कॉलेज

माझ्या भाच्याला अमेरिकेतल्या एका कॉलेजने फुटबॉलच्या संघात घेतलं, हे सांगितल्यावर मालवणात मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: कुठे खेळतो, पुढे की मागे? मी म्हणायचे, कुठेच नाही. तो फक्त किक मारतो. "मगे बाकीचे काय करतत?" आमच्या शेजारणीने विचारलं. बाकीचे एकमेकांना आडवे पाडतात, मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा, बहुतेक वेळ हातातच असतो, आणि नावात पाय असूनही पाय लावण्याचं काम सबंध संघात एक-दोघांकडेच. शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना दोन उंच खांब आणि त्यांच्यामध्ये जमिनीपासून दहा फुटांवर आडवी दांडी. संघ पुढे सरकत सरकत अडला, की बाहेर बाकावर बसलेल्या एका सडपातळ मुलाला बोलावतात. एक जण सात यार्ड मागे चेंडू फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो जमिनीवर उभा धरतो, आणि हा मुलगा तो त्या खांबांमधून लाथाडतो. फेकण्यापासून लाथेपर्यंत साधारण सव्वा सेकंद. गेला तर तीन गुण. मग तो परत बाकावर. सामन्यात त्याला अशी संधी दोनदा येईल, चारदा येईल, एखाद्या दिवशी एकदाही येणार नाही.

आपा लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. दुलाभाई औषधांच्या गोदामात नोकरी करतात. मुलगा लहानपणापासून आपला, म्हणजे साधा फुटबॉल खेळायचा. हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी तिथल्या फुटबॉल कोचने त्याला गोल-किक मारताना पाहिलं आणि विचारलं, आमच्याकडे येतोस का, आमचा किकर पास होऊन चाललाय. बस, एवढ्यावर सुरुवात झाली. आपाला वाटलं हात-पाय मोडून घेईल. नंतर तिला कळलं, किकरला आडवं पाडलं तर समोरच्या संघालाच दंड होतो. तेव्हा कुठे तिने फॉर्मवर सही केली.

ही जागा त्या खेळात बाहेरून आलेल्यांची आहे, हे मला नंतर वाचताना कळलं आणि फार आवडलं. पूर्वी तिथले लोक सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू मारायचे. १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून एक कुटुंब पळून अमेरिकेत आलं, त्यातला पीट गोगोलाक कॉर्नेल विद्यापीठाकडून खेळू लागला. तो तिरका धावत येऊन पायाच्या वरच्या, आतल्या बाजूने मारायचा, जसं जगभरची पोरं मारतात. १९६४ साली बफेलोच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. त्याचा भाऊ चार्ली प्रिन्स्टनचा किकर. सायप्रसहून आलेला गारो येप्रेमियन असाच, पोलंडचा सेबॅस्टियन यानिकोव्स्की असाच. आज सरळ धावत येऊन मारणारा कुणी उरलेला नाही. भाच्याच्या खोलीत ज्याचं चित्र आहे तो यंगहो कू मूळ सोलचा. शाळकरी वयात न्यू जर्सीला आला, तिथल्या रिजवूड हायस्कूलमधून जॉर्जिया सदर्न विद्यापीठात गेला आणि पुढे व्यावसायिक झाला. बाईसुद्धा या जागेवरून आत शिरली. २०२०च्या नोव्हेंबरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडे किकर उरला नव्हता, तेव्हा त्यांनी मुलींच्या साध्या फुटबॉल संघाची गोलकीपर सारा फुलर हिला मैदानात उतरवलं. मोठ्या गटातल्या कॉलेजांच्या सामन्यात खेळणारी ती पहिली मुलगी.

थोडं अवांतर. मराठीच्या कार्यक्रमांना मला आवर्जून बोलावतात. दोन तास सगळे बोलतात, मग निवेदक माझ्याकडे वळून म्हणतो, "मॅडम, एक शेर होऊन जाऊ दे." मी म्हणते, टाळ्या पडतात, मी खाली बसते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण मी बीएडला मराठी पद्धतीचा पेपर दिला आहे, केशवसुत वर्गात शिकवते, आणि बोलावणं मात्र एका शेरापुरतं. किकर म्हणजे काय हे भाच्याने मला पहिल्यांदा समजावलं, तेव्हा मला फारसं समजावावं लागलं नाही.

आता कॉलेजात शिरण्याचा प्रकार. आपल्याकडे राज्य पातळीवर खेळलास तर दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. म्हणजे खेळ हा एक दाखला, तो अर्जाला जोडायचा. तिथे कोच स्वतः मुलं शोधत फिरतात. मात्र किकरला शोधायला कुणी फारसं येत नाही. धावणारा, फेकणारा, अडवणारा, यांच्यासाठी माणसं शाळोशाळी जातात. किकरला स्वतःच दार वाजवावं लागतं. त्यासाठी खाजगी कॅम्प असतात, विस्कॉन्सिनच्या कोल्स किकिंगसारखे. तिथे प्रत्येक मुलाची प्रत्येक किक लिहून घेतात: किती यार्डांवरून, खांबांत गेली की नाही, सुरुवातीची लांब किक किती सेकंद हवेत राहिली. चार सेकंद राहिली तर मान डोलावतात. मग क्रमवारी लागते, नावापुढे तारे येतात. या कॅम्पना पैसे पडतात, वर प्रवास, हॉटेल. दुलाभाईंनी दोन वर्षं ओव्हरटाइम केला तो यासाठी. गरिबाचं पोर नुसत्या पायाच्या जोरावर पुढे येतं, असली गोष्ट कुणी सांगितली तर मी त्याला कॅम्पची पावती दाखवीन.

आणि व्हिडिओ. हायस्कूलमध्ये चेंडू दोन इंची ठोकळ्यावर ठेवून मारायला परवानगी आहे, कॉलेजात नाही. तिथे थेट जमिनीवरून. हायस्कूलचे खांब एकमेकांपासून २३ फूट ४ इंच, कॉलेजचे १८ फूट ६ इंच. म्हणजे शाळेत जी किक आत जाते, ती कॉलेजात बाहेर जाऊ शकते. म्हणून कोच विचारतात, जमिनीवरून मारलेलं दाखव. एका मे महिन्यात ही मंडळी मालवणला आली होती तेव्हा हा पोरगा रोज पहाटे चिवला बीचवर जायचा. ओली, घट्ट वाळू शोधायचा, दोन बांबू रोवायचा आणि मला मागे मोबाइल धरून उभं करायचा. रापण ओढायला आलेले लोक थांबून बघायचे. "ह्यो कसलो बॉल रे? सोललेलो नारळ दिसता," एकाने म्हटलं. तरी चेंडू पाण्यात गेला की तेच काढून द्यायचे. रोज तीस किका, एकतिसावी नाही. पाय थकला की मारण्याची पद्धत बिघडते, आणि बिघडलेली पद्धत पायात बसते, असं तो म्हणे. हस्ताक्षराबद्दल मी वर्गात हेच सांगत आले आहे, कुणी ऐकत नाही.

त्याने साठेक कॉलेजांना ईमेल पाठवले. नऊ उत्तरं आली. त्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा किकबद्दल नव्हे, गुणांबद्दल विचारलं. तिथल्या राष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे: वरच्या गटात खेळायचं तर हायस्कूलमध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे धरून सोळा ठरलेले विषय पूर्ण हवेत आणि त्यांत किमान सरासरी हवी. शिक्षिका म्हणून मला या सगळ्या धंद्यात मनापासून पटलेली गोष्ट ही एवढीच. इथे बोर्डिंग ग्राउंडवर टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात. शेवटच्या दोन षटकांत षटकार मारू शकणाऱ्या पोराला दुसऱ्या गावचे संघ गाडी पाठवून नेतात, जेवण घालतात, वर पैसे देतात. तोही एका कामाचा माणूसच. पण न्यायला आलेल्यांपैकी कुणी कधी त्याला विचारलं नाही की बारावीच्या इंग्रजीचं काय झालं. माझ्या वर्गातले असे दोघे आज मच्छीच्या गाडीवर हेल्पर आहेत. त्यांचा फटका अजून तसाच आहे.

भाच्याच्या नऊ उत्तरांतून शेवटी दोन उरली. एक फार मोठं विद्यापीठ. तिथल्या कोचने हिवाळ्यात फोनवर सांगितलं, शिष्यवृत्ती नाही, पण संघात तुझी जागा पक्की. याला ते 'प्रेफर्ड वॉक-ऑन' म्हणतात. मानाचं पान, पण जेवणाचा खर्च स्वतःचा. दुसरं दुसऱ्या गटातलं छोटं कॉलेज. त्या गटात एका फुटबॉल संघाला छत्तीस पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकाच पैसा देता येतो आणि कोच तो तुकडे करून पोरांत वाटतो. किकरच्या वाट्याला छोटा तुकडा. पण भाच्याचे गुण चांगले होते, त्यावर वेगळी सवलत मिळत होती. दोन्ही मिळून फी निम्म्यावर येत होती.

घरात अर्थातच मोठ्या विद्यापीठाचं वेड. शनिवारी हजारो माणसं, टीव्ही, बँड. दुलाभाई तर कर्ज काढायला तयार. फेब्रुवारीनंतर त्या कोचचे मेसेज कमी झाले, मार्चमध्ये थांबले. त्यामागचं कारण असं: खेळाडूंना कॉलेजांनी थेट पैसे द्यावेत यासाठी तिथे एक मोठा खटला चालू होता. त्यातल्या तडजोडीत पैसे मिळणार होते, पण फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा येणार होती. आधी शिष्यवृत्त्या ८५पर्यंतच असत, पण वॉक-ऑन धरून संघ बराच मोठा व्हायचा. कोर्टाची अंतिम मंजुरी २०२५च्या जूनमध्ये आली. कोच लोकांनी कात्री त्याआधीच बाहेर काढली होती. वरच्यांना पैसे मिळाले ते योग्यच. पण जागा गेली ती फुकट खेळायला तयार असलेल्यांची.

त्याच मार्चमध्ये रमजान होता. एका रविवारी छोट्या कॉलेजच्या मैदानावर त्याला बोलावलं होतं. तो रोजा ठेवून गेला. आपाने फोनवर रडून मला सांगितलं, पाणी न पिता मारायला गेलाय, कोचला सांगितलंही नाही. बारा किका मारल्या, दहा आत. सगळ्यात लांबची ४७ यार्डांवरून, म्हणजे साधारण त्रेचाळीस मीटर. तिथला कोच जेवायला घेऊन गेला तेव्हा मग सांगावं लागलं. कोचने डबा बांधून दिला, इफ्तारला खा म्हणून, आणि आत डुकराचं काही नाही हे दोनदा सांगितलं.

एक मेपर्यंत कॉलेजला कळवायचं असतं. एप्रिलच्या शेवटी आपाने मला फोन लावला, "तू बीएड केलंयस, तूच सांग त्याला." मी सांगितलं काहीच नाही, एक विचारलं: उद्या गुडघा गेला तर यांतल्या कुठल्या कॉलेजात चार वर्षं राहशील? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खाला, छोट्या." तिथली केमिस्ट्रीची लॅब त्याला आवडली होती. दुलाभाई दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पैसे भरले.

ऑगस्टपासून तो तिथे आहे. पहिल्या वर्षी त्याला खेळवलं नाही, म्हणजे खेळण्याची चार वर्षं शाबूत ठेवली. सगळे सामने त्याने बाजूला जाळीत किका मारत काढले. अम्मी दर रविवारी सकाळी विचारायची, मारली का? मी नाही म्हटलं की ती म्हणायची, बरं, पुढच्या शनिवारी. पहिला किकर शेवटच्या वर्षाचा, तो आता बाहेर पडेल. त्या जागेसाठी आणखी दोन मुलं येणार आहेत. भाच्याने त्यांचे व्हिडिओ शोधून काढलेत. परवा फोनवर सांगत होता, त्यातल्या एकाची किक ५५ यार्डांवरून जाते.

"जमिनीवरून की ठोकळ्यावरून?" मी विचारलं.

"ठोकळ्यावरून," तो म्हणाला, आणि हसला.