गॅलरीतली नोंद : मिरची, गारठा आणि माझी एक जुनी चूक

दिवाळीपासून पेजवर काही लिहिलं नाही. बरेच जण विचारत होते, रान सोडलं काय म्हणून. सोडलं नाही. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून नेरूळला पोराकडे आलोय. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, साडेचार फूट रुंदीची गॅलरी आहे. गावाकडचं रान धाकटा भाऊ बघतोय. त्यामुळे आजची नोंद रानातली नाही, गॅलरीतली आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हिच्यात माझी एक चूक आहे आणि ती मी याच पेजवर केली होती.

सुरुवात पोरीच्या फोननं झाली. ती एडिंबराला असते, स्कॉटलंडमध्ये. तिकडे दुपारचे चार वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा तिचा फोन येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात म्हणाली, "बाबा, मिरचीचं बी टाकून एकवीस दिवस झाले, एक पण उगवलं नाही." मी लगेच डॉक्टरसारखं सांगून टाकलं, "पाणी जास्त घातलंस. बी कुजलं." चाळीस वर्षं मिरची केलेल्या माणसाला विचार कशाला करायला लागतोय!

दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर, मातीत थर्मामीटर खुपसलेला, आकडा सोळा. रात्री हीटर बंद झाला की तो बारावर येतो म्हणाली. आणि लिहिलं होतं, "पुस्तकात पंचवीस ते तीस लिहिलंय. तुम्ही कधी मातीचं तापमान मोजता का?"

नाही मोजत. खरं सांगायचं तर कधीच मोजलं नाही. आपल्याकडे मिरचीचा वाफा मे महिन्याच्या शेवटी टाकतात, तेव्हा माती आपोआप तापलेली असते. सातव्या-आठव्या दिवशी तरू वर येते आणि आपण म्हणतो, बी चांगलं आहे. त्यात माती किती गरम होती याचा हिशेब कुणी करत नाही.

मग मला चैन पडेना. सीवूड्सला मासे विकणाऱ्या दुकानातून, म्हणजे काचेच्या टाकीतले शोभेचे मासे, तिथून वायर असलेला छोटा थर्मामीटर आणला. कोकोपीटचे तीन ट्रे भरले. एकाच पाकिटातलं बी, प्रत्येकी वीस दाणे. एक ट्रे नातवाच्या खोलीत ठेवला. त्या पोराला बारा महिने एसी लागतो, जानेवारीत पण. दुसरा गॅलरीत. तिसरा इंटरनेटच्या राउटरवर. हे राउटरचं डोकं माझं नाही, पोरीचं. तो डबा रात्रंदिवस कोमट असतो, तिकडे तिनं तोच उपाय सुरू केला होता. (ट्रेखाली स्टीलचं ताट ठेवा आणि पाणी फवाऱ्यानंच द्या. डब्यात पाणी गेलं तर सूनबाई मला ट्रेसकट खाली पाठवील.)

माझ्या वहीतल्या नोंदी अशा. राउटरवरच्या ट्रेमध्ये माती अठ्ठावीस-एकोणतीस अंश. सातव्या दिवशी पहिला कोंब, दहाव्या दिवशी वीसपैकी सोळा वर. गॅलरीत दुपारी सव्वीस, पहाटे अठरा. बाराव्या दिवशी पहिला कोंब, विसाव्या दिवसापर्यंत तेरा. एसीच्या खोलीत एकोणीस-वीस. एकोणिसाव्या दिवशी पहिला कोंब, अठ्ठावीस दिवसांत सहा. उरलेले दाणे उकरून बघितले तर बोटात चिरडत होते, कुजलेले.

म्हणजे मी पोरीला "बी कुजलं" म्हणालो ते बरोबरच होतं. पण कुजलं ते पाण्यानं नव्हे, वाट बघून. गार मातीत बी पाणी पिऊन फुगतं, पण कोंब बाहेर काढायला लागणारी ऊब मिळत नाही. तेवढ्या दिवसांत बुरशी आपलं काम करते. वीस दाणे म्हणजे काही विद्यापीठाचा प्रयोग नव्हे, तज्ज्ञ मंडळींनी हसू नये. पण सोळा आणि सहा यातला फरक डोळ्यांना दिसतोय.

आता त्या चुकीकडे येतो.

जुन्या वाचकांना आठवत असेल, चार वर्षांपूर्वी उन्हाळी मिरचीसाठी मी डिसेंबरात वाफा टाकला होता. संकरित बी, तीन पाकिटं. उगवण चार आणेसुद्धा झाली नाही. मी बियाणाच्या दुकानात जाऊन चारचौघांत भांडलो. इथं पेजवर लिहिलं की बी बोगस निघालं. दुकानाचं नाव घातलं नव्हतं, पण आमच्या भागात कुणाचं दुकान ते सांगायची गरज नव्हती. त्या माणसानं वाद न घालता दुसरी पाकिटं अर्ध्या किमतीत दिली. ती मी जानेवारीच्या अखेरीस टाकली आणि ती फक्कड उगवली. झालं! माझी खात्रीच पटली की पहिलं बी खराब होतं.

त्या डिसेंबरात आमच्याकडे पहाटे बारा-तेरा अंश होते. मी वाफ्याला संध्याकाळी पाणी देत होतो, म्हणजे रात्रभर माती आणखी गार. जानेवारीच्या शेवटी थंडी ओसरली होती. मी बी बदललं असं मला वाटलं, खरं बदललं होतं हवामान.

आता पहिलं बी खरोखर चांगलंच होतं, हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही. सांगता आलं असतं, जर दोन गोष्टी केल्या असत्या. एक, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवून मोजले असते. दोन, पाकीट, लेबल, पावती आणि मूठभर बी राखून तालुक्याच्या तक्रार समितीकडे रीतसर अर्ज केला असता, त्यांनी येऊन पंचनामा केला असता. मी दोन्ही केलं नाही. भांडलो आणि पोस्ट टाकली. ती जुनी पोस्ट मी काढत नाही, तिच्याखाली ही जोडतो. ज्यांनी ती वाचून त्या दुकानात जायचं सोडलं त्यांनी ही पण वाचावी.

डिसेंबर-जानेवारीत वाफा टाकणाऱ्यांसाठी एवढंच. वाफ्यावर तारेच्या किंवा बांबूच्या कमानी करून प्लास्टिक घाला. दुपारी चारच्या आत झाका, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते, आणि सकाळी दहाला उघडा. पाणी सकाळी द्या. ट्रे असतील तर पेरून एकावर एक रचा आणि काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. रोपवाटिकावाले हे कायम करतात. मी समजत होतो की ओल राहावी म्हणून करतात, पण त्यात ऊबही राहते. फक्त चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज उघडून बघा. कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात मांडा. एक दिवस उशीर झाला की तरू सुतळीसारखी लांब होते आणि मानेत मोडते.

उजेडाचा हाच घोळ पोरीकडे झाला. राउटरवर बी उगवलं, पण एडिंबराला जानेवारीत सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, तोही ढगाआडून. रोपं खिडकीकडे माना वाकवून वीतभर लांबली. आता तिनं एलईडीची नळी लावली आहे, रोपाच्या वर टीचभर अंतरावर, रोज चौदा तास. मी सांगितलं पूर्वेच्या खिडकीत ठेव, आपल्याकडे कुंडीला तेच मानवतं. ती म्हणाली, "बाबा, इथला सूर्य डोक्यावर येतच नाही, दक्षिणेला खालून फिरतो. दक्षिणेचीच खिडकी लागते." बरोबर आहे. ती छप्पन्न अक्षांशावर बसली आहे आणि मी एकोणिसावर बसून उपदेश करतोय.

पुढचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे. नळाचं बर्फासारखं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत रात्रभर ठेवून घालायचं. गारठ्यात झाड पाणी कमी पितं, म्हणून कुंडीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही. जून उजाडल्याशिवाय बाहेर ठेवायचं नाही, आणि ठेवायचं ते आधी दिवसा दोन-तीन तास, असं सवय लावत. रात्र पंधरा-सोळाच्या खाली गेली की फुलं गळायला लागतात. आपल्याकडे तीच फुलं मे महिन्यात उन्हाचा पारा पस्तिशीच्या वर गेला की गळतात. घरात वारा नाही, माशी नाही, म्हणून फुलं आली की दुपारी फांदीला टिचकी मारायची. मिरची स्वतःच्या परागावर धरते, फक्त कुणीतरी हलवायला लागतं. आणि हिवाळा आला की झाड उपटायचं नाही, छाटून घरात घ्यायचं. मिरची मुळात बहुवर्षायू आहे, आपण तिला एका हंगामाची करून टाकली.

तिला खरं तर आईच्या हातच्या ठेच्याची संकेश्वरी पाहिजे होती. बी पोस्टानं पाठवा म्हणत होती. ते जमत नाही. ब्रिटनमध्ये मिरचीचं पेरणीचं बी न्यायचं तर रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. बियातून जाणारे विषाणू आहेत, त्यांची भीती रास्त आहे. लपवून पाठवायला मी नाही म्हणालो. आणि नेलं असतं तरी संकेश्वरी लांब मुदतीची, वीतभर लांबीची, सुरकुतलेली मिरची. आमच्याकडे पावसावर येते आणि थंडीत लाल होते. तिकडच्या तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात ती लाल होईपर्यंत बर्फ पडेल. लहान फळाची, लवकर येणारी जात लाव म्हणून सांगितलं. थोडी रुसली.

पण त्या बोलण्यातून घरच्या बियाची आठवण निघाली. आईनं राखलेल्या संकेश्वरीचं बी राखेत घोळून काचेच्या बाटलीत होतं. चार वर्षांपूर्वीच्या त्या भांडणानंतर मी मिरचीच सोडली, सगळा ऊस केला. बाटली तशीच माडीवर. मिरचीचं बी साध्या घरात दोन-तीन वर्षांच्या पुढं फारसं टिकत नाही. भावाला फोन केला. त्यानं गडहिंग्लजहून रात्रीच्या गाडीत दिली, पहाटे नेरूळ एलपीला उतरवून घेतली. बाटलीत चहाचे दोन चमचे बी होतं.

सगळं एकदम टाकायचं धाडस झालं नाही. साठ दाणे मोजले, कोमट पाण्यात रात्रभर भिजवले, ट्रायकोडर्मा लावला आणि राउटरवर ठेवले. दहा दिवस काही नाही. बायको म्हणाली, "गेलं असंल ते, कशाला जिवाला लावून घेताय?" सोळाव्या दिवशी एक कोंब दिसला. तेविसाव्यापर्यंत नऊ झाले. साठात नऊ. ही रोपं गार वाफ्यात टाकली असती तर नऊ पण आली नसती.

आज त्यांना सहा ते आठ पानं आहेत. जूनमध्ये पाच रोपं गावाला जातील, चार इथंच राहतील. कारण मिरचीत परपराग चांगलाच होतो. बीजोत्पादनाला प्रमाणित बियासाठी दोनशे मीटर आणि पायाभूत बियासाठी चारशे मीटर अंतर ठेवायला सांगतात. आमच्या बांधाला लागून शेजाऱ्याची संकरित मिरची आहे. इथं सहाव्या मजल्यावर आसपास मिरची नाही, फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे लवंगीचं एक झाड आहे. तरी मी फुलांवर मलमलची पिशवी बांधणार आहे.

नऊपैकी एका रोपाची शेंड्याची पानं वर वळायला लागली आहेत. चुरडा-मुरडा वाटतोय. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर दोन फुलकिडे पडले, पांढरी माशी दिसली नाही. ते रोप बाजूला काढून बाथरूमच्या खिडकीत ठेवलंय आणि निंबोळी अर्क मारलाय. नऊच आहेत, उपटून टाकायला हात होत नाही. विषाणू असेल तर उपटायलाच पाहिजे हे मला कळतं. फोटो खाली टाकलाय. रोगशास्त्राच्या जाणकारांनी बघून सांगा, चार दिवस थांबू का आजच काढू?

आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगड, हुक्केरी भागात कुणाकडे घरचं, दोन वर्षांच्या आतलं संकेश्वरीचं बी असेल तर कळवा. विकत घेईन. मे महिन्यात गावी आलो की स्वतः येऊन नेईन, त्या दुकानातही एकदा जायचंच आहे.