लाल पान, हिरव्या शिरा

गोल्डन गेट पूल ओलांडून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला निघालं, की सांता रोझापर्यंत शहरं पाठ सोडत नाहीत. हील्ड्सबर्गला महामार्ग सोडला आणि ड्राय क्रीकच्या खोऱ्यात शिरले, तेव्हा कुठे रस्ता अरुंद झाला आणि दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागा अगदी अंगाशी आल्या. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. काढणी आटोपली होती, वाईन चाखायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. पानं मात्र अजून वेलींवर होती. एक जोराचा पाऊस किंवा कडक दंव पडलं की ती उतरणार. रंग बघायचे तर हेच दिवस.

माझं बालपण दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेत गेलं, पण द्राक्षाचं पान वेलीवर असं रंगत जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे वेलीला झोपूच देत नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पानं उतरवायची, काडी छाटायची, डोळ्यांना पेस्टिंग करायचं आणि फुटीची वाट बघायची. कॅलिफोर्नियातली वेल पान सोडायच्या तयारीला लागते, त्याच दिवसांत दिंडोरीची वेल कोवळी पोपटी फूट घेऊन उभी असते. म्हणूनच इथे यायची मला इतकी ओढ होती. ज्या पानांच्या सावलीत वाढले, त्यांचं म्हातारपण मला बघायचं होतं.

इथल्या बागा खासगी मालकीच्या. कुंपण नसलं तरी रस्ता सोडून आत पाऊल टाकायचं नाही. मी आधी फोन करून परवानगी घेतली होती. बाग सांभाळणारे गृहस्थ फाटकाशी भेटले. त्यांनी आधी माझे बूट पाहिले, दुसऱ्या बागेतली माती आत येऊ नये म्हणून ते ब्रशने घासून घ्यायला लावले. मला हे फार आवडलं.

ही बाग जुन्या झिनफँडलची. तारा नाहीत, मांडव नाही. मांडीएवढ्या जाड, पिळवटलेल्या खोडावर एकेक वेल आपापली उभी. या खोऱ्यात शंभरी ओलांडलेल्या बागा अजून उत्पन्न देतात. जुन्या लोकांनी एकाच बागेत अनेक जाती मिसळून लावल्या, आणि वर्षभर सारख्याच हिरव्या दिसणाऱ्या त्या जाती नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या ओळखू येतात. पिवळ्या वेलींच्या मध्येच एखादी आपादमस्तक किरमिजी वेल दिसली, की ती बहुधा अलिकांते बुशे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आँरी बुशे यांनी संकरातून तयार केलेल्या या जातीचा गरसुद्धा लाल असतो. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात घरी वाईन करायला मुभा होती. जाड सालीची ही द्राक्षं रेल्वेने देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत टिकत, म्हणून तिची लागवड तेव्हा फार वाढली. तिचं पान निरोगी असतानाच लाल होतं.

सकाळी धुकं होतं. बरेच छायाचित्रकार ऊन पडायची वाट बघतात. मला धुक्यातला पहिला तास सोन्याचा वाटतो. पानावर चकाकी नसते, सावल्या नसतात, आणि पिवळ्यातल्या लिंबू, हळद, गेरू अशा छटा वेगळ्या उभ्या राहतात. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र बंद करावा. सगळीकडे पिवळं दिसलं की तो चित्र निळसर करून ‘दुरुस्त’ करतो. मी तो उन्हाच्या मापावर कायम ठेवते.

धुकं विरलं तशी मी उन्हाकडे तोंड करून बसले. पानातून आरपार येणारा प्रकाश शिरांचं सगळं जाळं उजळून दाखवतो. उन्हाकडे पाठ केली की त्याच पानावर पांढुरकी झळ येते. तिथे पोलरायझर फिरवला की झळ जाते आणि खालचा रंग वर येतो. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते, शटर मंदावतो, आणि द्राक्षाचं पान लांब देठावर जरा वाऱ्यानेही हलतं. अशा वेळी तिवई लावून वारा थांबायची वाट बघायची. आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. लाल रंगाचा आलेख हिरव्या-निळ्याच्या आधी टोकाला जातो. एकूण चित्र नीट उजळलेलं दिसतं, पण लाल पानातला तपशील गेलेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघून एक्स्पोजर थोडं खाली ठेवायचं.

बांधाजवळच्या नव्या, तारेवरच्या ओळीत मला हवं ते पान सापडलं. गर्द लाल, कडा खाली वळलेल्या, आणि शिरा अजून हिरव्यागार. मी गुडघ्यावर बसलेली पाहून ते गृहस्थ जवळ आले. म्हणाले, “लाल ओळ बघून पाहुणे खूश होतात. माझ्या पोटात गोळा येतो.”

मग त्यांनी सांगितलं ते मी आधी थोडं वाचलेलं होतं, पण बागेत उभं राहून ऐकणं वेगळं. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हरितद्रव्य सरलं की उघडा पडतो. लाल मात्र बऱ्याचदा शेवटी नव्याने तयार होतो, पानात साखर साठून राहिली की जास्तच. लीफरोल विषाणू लागलेल्या वेलीत पानातली साखर वाहून नेणारी वाट तुंबते. काळ्या द्राक्षांच्या वेलीचं पान मग शिरा सोडून लाल होतं आणि कडांनी खाली वळतं. घडात साखर उशिरा आणि कमी भरते. त्यावर औषध नाही. खात्री प्रयोगशाळेत करायची आणि वेल उपटायची. हा विषाणू पसरवतो तो मिलीबग, आपल्याकडचा पिठ्या ढेकूण. नाशिकच्या कुठल्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही!

दुपारी १२८ क्रमांकाच्या रस्त्याने अलेक्झांडर व्हॅली आणि नाइट्स व्हॅली ओलांडून कॅलिस्टोगाला उतरले, आणि सिल्व्हराडो ट्रेलने ओकव्हिलपर्यंत गेले. इथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं द्राक्ष संशोधन केंद्र आहे. पान लाल करणाऱ्या रेड ब्लॉच या दुसऱ्या रोगाची पहिली नोंद २००८ मध्ये इथल्याच काबर्ने सोव्हिन्योंच्या वेलींवर झाली. त्यात डाग वेडेवाकडे पडतात आणि शिराही लालसर होऊ शकतात. रस्त्यावरून सगळी दरी नुसती सुंदर दिसत होती. आता मात्र नजर प्रत्येक लाल ओळीवर अडखळू लागली, आणि त्याने पाहणं अधिक भरीव झालं.

रात्री कॅलिस्टोगाच्या मुक्कामी रॉ फाइली उघडल्या. शरदाच्या छायाचित्रांसाठी तयार प्रीसेट मिळतात. पिवळं नारिंगीकडे ढकलायचं, हिरवं विझवायचं, सॅच्युरेशन चढवायचं. हे मला मुळीच मान्य नाही. त्या सकाळच्या पानावर सॅच्युरेशन ताणलं असतं तर लाल एकसपाट थर झाला असता, हिरव्या शिरा त्यात बुडाल्या असत्या, आणि पानाने जे सांगितलं तेच पुसलं गेलं असतं. मी एकूण रंगाला हात लावला नाही. फक्त लालची उजळी किंचित वाढवली, हिरव्याची छटा जागच्या जागी राखली, आणि वळलेल्या कडेवरची सावली थोडी मोकळी केली. झिनफँडलच्या बागेच्या चित्रातही पिवळ्याच्या तीन छटा तीनच राहू दिल्या. किरमिजी वेलीशेजारी त्या फिक्या दिसतात, पण बागेत त्या तशाच होत्या.

पानाचा फोटो दिंडोरीला दादाला पाठवला. तिकडे सकाळ होती. लगेच फोन आला.

“रंग झकास आहे गं. पण कडा बघ कशा वळल्यात. खोडाची साल सोलून बघितली का त्यांनी?”

“का रे?”

“थंडीत मिलीबग सालीखाली जाऊन बसतो. नुसती पानं काय बघता? आणि मुंग्या वर चढताना दिसल्या का? मुंग्या असल्या तर तो असणारच. उद्या जाणार असशील तर खोडाचे फोटो काढ, जवळून.”

मी त्या गृहस्थांना रात्रीच निरोप टाकला, आणि पिशवीत मॅक्रो लेन्स वर काढून ठेवली.