सुपारी दिली, पण कुणाची?

टीव्हीवरचा खुनी ओळखायला डिटेक्टिव्ह लागत नाही. त्याचं व्हिजिटिंग कार्ड बघितलं तरी पुरे. बिझनेस पार्टनर, फोटोग्राफर, मॉडेलचा जुना बॉयफ्रेंड, फार्महाऊसचा केअरटेकर, नाहीतर भलताच गोड बोलणारा डॉक्टर. संपली यादी! 'सीआयडी' 1998 ते 2018 अशी वीस वर्षं चालली, 2024च्या डिसेंबरात परत आली. एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम आपले. डॉक्टर साळुंखे आडनावाने तरी आपले. खुनी मात्र बहुतेक वेळा बंगल्यातलाच!

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या वाट्याला काय? फार तर घाटात सापडलेली डेडबॉडी.

मी नारायणगावजवळची, मामाचं गाव घोडेगावच्या पुढे, नोकरी हिंजवडीत. ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की डायलॉग ठरलेला: 'वॉव, नाणेघाटाकडे ना? वीकेंडला जाऊ या!' तिथली माणसं सोमवार ते शुक्रवार काय करतात, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून माझी मागणी आहे, आमच्या माणसांना खुनी करा! कारण मालिकेत खुनी हे एकच पात्र असं असतं, ज्याचं काम लेखकाला नीट समजून घ्यावंच लागतं.

फंडा सोपा आहे. खुन्याच्या धंद्यात तीन गोष्टी हव्यात. लोकांचा विश्वास, अवेळी कुठेही जायची मुभा आणि इतरांकडे नसलेली माहिती. 2020 साली 'देवमाणूस'ने हे बरोबर पकडलं. गावातला लाडका डॉक्टर, तोही बोगस! 2016 साली उघडकीला आलेल्या वाई-धोमच्या प्रकरणाची सावली त्या मालिकेवर होती.

तर आमच्याकडचे उमेदवार असे.

पाणाडी. तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरतो आणि पाणी कुठे लागेल ते सांगतो. कुणाचं बोअर फेल गेलं, कुणाची विहीर पडीक आहे, सगळं याला पाठ. 'ही विहीर बुजवा, इथे आता पाणी नाही' असं त्याने सांगायचा अवकाश, मालक स्वतःच्या पैशाने जेसीबी लावून पुरावा गाडणार. सॉलिड ना?

टोमॅटोचा व्यापारी. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या मार्केटात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं आणि सप्टेंबरपर्यंत भाव पार कोसळला. एवढ्या चढउतारात कोण कुणाचं किती देणं लागतं, ते एका वहीत असतं. मोटिव्ह तिथेच!

हिरड्याचा व्यापारी. मामाकडच्या डोंगरात लोक हिरडा वेचतात, वाळवतात, पोत्याने विकतात. काटा व्यापाऱ्याच्या हातात. त्यामुळे हा खुनी नव्हे, बळी. संशयित म्हणजे अख्खा डोंगर!

आणि माझा फेव्हरिट, तमाशाचा मॅनेजर. विठाबाईंचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन तमाशा ठरवतात. त्या ठरवण्याला म्हणतात सुपारी! आता मुंबईच्या इन्स्पेक्टरने याचा फोन टॅप केला तर काय ऐकेल? 'सुपारी घेतली. अष्टमीच्या रात्री. निम्मे पैसे आलेत.' टीम पिस्तुलं रोखून हजर, आणि समोर गण-गवळण! खरा खून त्याच रात्री, ढोलकीच्या आवाजात. सकाळी साक्षीदार, संशयित, पुरावे, सगळं ट्रकमध्ये भरून पुढच्या यात्रेला.

शेवटचा उमेदवार वायरमन. कुकडीची धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केलं. आता तर माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. त्यात शेतीच्या मोटरची लाईट पाळीने असायची, कधी दिवसा, कधी रात्री. कुणाला कुठल्या रात्री उसाच्या कडेने जावं लागणार, हे वायरमनला बरोबर माहीत असायचं. माणूस सकाळी उसात सापडला की नाव बिबट्याचं. परफेक्ट मर्डर!

2023च्या हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीची पाळी होती, तेव्हा हा प्लॉट मी मोठ्या उत्साहाने आईला ऐकवला. बाबा नुकतेच बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला गेले होते. आई हसली नाही. म्हणाली, 'त्याला वायरमन कशाला लागतोय गं? रात्रीची लाईट आहे की.'

त्यानंतर पुण्यातून मी रोज रात्री बाराला बाबांना फोन करायचे. मागून मोटरचा आवाज आला की झोपायचे.

तर लेखकमंडळी, हा प्लॉट तुम्हाला फुकट. वायरमनला सोडून द्या, तो बिचारा सांगितलेलं टाइमटेबल पाळतो. हातकड्या कुणाला घालायच्या, तेवढं ठरवा.