आभाळ भरायचं राहू दिलं

साताऱ्यात मी घरी भरतकामाचे वर्ग घेते. सुरुवातीची दहा वर्षं प्रत्येक नव्या मुलीला मी एक गोष्ट बजावून सांगायचे : कापडावर रंग लावायचा असेल तर चित्रकलेच्या वर्गाला जा, इथे जे दिसेल ते दोऱ्यानंच दिसलं पाहिजे. आज मी तसं सांगत नाही. हे मत कसं बदललं ते लिहायला हवं, कारण त्याच्यापायी मी एका मुलीचं मन मोडलं.

मत आलं होतं आईकडून. दुपारची कामं आवरली की आई काळ्या साटिनवर मोर भरायला बसायची. पिसाऱ्यात कुठे फट राहिली तर तेवढा भाग उसवायची. “कापड दिसलं म्हणजे हात कमी पडला,” असं म्हणायची. मोरासाठी ते खरंच होतं. मी मात्र तो नियम आभाळालाही लावला.

ती मुलगी वर्गात एक कापड घेऊन आली होती. मागे रंगवलेली संध्याकाळ, खाली नदी, आणि पुढे दोऱ्यानं भरलेलं काठावरचं गवत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “रंग लावून वेळ वाचवलास. हे अर्धंच भरतकाम झालं.” तिनं कापडाची घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. वर्ग तिनं पूर्ण केला, पण स्वतःहून काही दाखवायला पुन्हा आणलं नाही.

पुढच्या सप्टेंबरात कासच्या पठारावर गेले. इथून सुमारे 25 किलोमीटर. धुकं उतरलेलं होतं. पायाशी तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके, आणि थोडं पुढे गेलं की सगळंच पुसट. हे भरायचंच, असं ठरवून घरी आले.

धुक्यासाठी राखाडीच्या तीन छटा घेतल्या. सहा पदरांतले दोन पदर काढून आडवे टाके घालत गेले. चार महिने लागले. रिंग काढली तेव्हा कापडाला सगळीकडे चुण्या पडल्या होत्या. एकाच दिशेनं दाट घातलेल्या टाक्यांनी ते ओढून घेतलं होतं. त्याहून वाईट म्हणजे धुकं चकाकत होतं. भरतकामाच्या सुती दोऱ्याला मुळात चमक असते, उजेड आधी त्याच्यावर पडतो. जे मागे जायला हवं तेच पुढे आलं आणि फुलं त्यात बुडाली. माझा हात कुठेच कमी पडला नव्हता, तरी चित्र फसलं होतं. ते कापड मी महिनाभर उघडलं नाही.

मग एका रात्री, कुणाला न सांगता, रंग काढले. मांजरपाट गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ घालवली, इस्त्री केली आणि पाटावर ताणून टाचलं. ओल्या कापडावर पाण्यासारखा पातळ केलेला निळसर राखाडी रंग सोडला, पाट जरा कलता धरला. रंग धाग्याधाग्यानं आपणच पसरत गेला आणि कुठे संपला ते कळेना. धुकं असंच तर असतं! सकाळी वाळल्यावर तो आणखी फिका झाला होता. उलट बाजूनं इस्त्री फिरवून कापड रिंगमध्ये ताणलं. कोपऱ्यात एका जागी रंग जाड बसला होता. तिथे सुई अडकली आणि पडलेलं भोक मिटलं नाही. पातळ रंगाच्या जागी कापड मऊच होतं, सुई सहज जात होती.

पुढची फुलं तीन पदरांनी भरली, त्यामागची दोन, त्यामागची एका पदरानं. गेंदासाठी गाठीचे टाके घातले, मागे जाताना ते बारीक केले. अगदी शेवटी नुसते रंगाचे ठिपके. दोरा नेमका कुठे संपतो ते बोट फिरवल्याशिवाय समजत नव्हतं. रंगानं वेळ वाचला, हे खरं. पण तो सगळा वेळ मी फुलांना दिला.

त्यानंतर जुनी कामं नव्यानं पाहिली. चंबा रुमालावर कोळशानं आकृती काढून द्यायचे ते चित्रकार, रेशमानं भरायच्या त्या बायका. आणि आकृत्यांमागचं कापड तर मोकळंच सोडलेलं असतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये झालेल्या रेशमी भरतचित्रांत चेहरे, हात आणि आभाळ जलरंगात आहेत, कपडे आणि झाडं दोऱ्यात. कुठे थांबायचं हे ज्यांना कळलं होतं, त्यांचं काम मी इतकी वर्षं अर्धं म्हणत होते.

कसुतीच्या कापडाला मी आजही रंग लावणार नाही. तिचा जीव धागे मोजण्यात आहे. पण जिथे दूरचं आणि जवळचं दाखवायचं आहे, तिथे दूरचं रंगाकडे द्यावं आणि जवळचं दोऱ्याकडे, असं आता मला मनापासून वाटतं.

गेल्या दिवाळीत ती मुलगी माहेरी आल्याचं कळलं. मी तिच्या घरी गेले. चारचौघांत बोलले होते, म्हणून तिच्या घरच्यांसमोरच सांगितलं, “तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.” ती आत गेली आणि तेच कापड घेऊन आली. घडीची रेघ पाण्यावरून आडवी गेली होती. “काकू, आभाळ आता भरून टाकू का?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “नको गं. आभाळ आहे तसंच राहू दे. गवत मात्र अजून थोडं भर.”