आठ फेऱ्या आणि बारा फेऱ्या

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांत क्रिकेट घरचे मानले जाते, फुटबॉल शेजारचा, आणि गोल्फ मात्र परगावचा. दूरचित्रवाणीवर गोल्फ दिसू लागला की मुले वाहिनी बदलतात. एक मनुष्य चेंडूपाशी उभा राहतो, बराच वेळ विचार करतो, एकदा काठी फिरवतो आणि चालू लागतो. यात पाहण्यासारखे काय, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सेमिनरीत व्हॉलीबॉलवर वाढलेल्या आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. ते आम्हांला गेल्या तीन हिवाळ्यांत कळंबच्या भातखाचरात मिळाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

नेरळ स्थानकावर उतरून माथेरानच्या डोंगराकडे पाठ केली की पुढचा रस्ता कळंबकडे जातो. पूर्वेला भीमाशंकरची रांग भिंतीसारखी उभी असते. पावसाळ्यात हा सारा मुलूख भाताचा. दिवाळीच्या मागेपुढे कापणी आटोपते आणि बांधांनी आखलेली खाचरे मोकळी पडतात. काहींत जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, काही धसकटांसह उन्हात तापत राहतात. अशाच एका मोकळ्या खाचराला लागून आमच्या एका स्नेह्यांचे लहानसे घर आहे. चेंबूरकडील एका कारखान्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले आणि पत्नीसह येथे येऊन राहिले. सोमवार हा आमचा मोकळा दिवस. महिन्यातून एकदोन सोमवार आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो आणि जाता जाता त्यांच्या खेळात ओढले गेलो.

त्यांनी शेतमालकाच्या संमतीने खाचराच्या एका कडेला काथ्याची चटई अंथरली होती. उन्हाने वाळलेली चिकणमाती दगडासारखी होते. काठी तिच्यावर आपटली तर झणका थेट मनगटात जातो, म्हणून ही चटई. पलीकडच्या बांधावर दोन आंब्यांची झाडे होती. त्या दोन झाडांमधील मोकळी जागा हेच त्यांचे लक्ष्य. रोज सकाळी 40 चेंडू मारायचे, एकही अधिक नाही. मग गावातील दोनतीन मुले चेंडू वेचून आणीत आणि स्नेही ओट्यावर बसून वहीत नोंद करीत. ती वही आम्ही प्रथम पाहिली तेव्हा आम्हांला नवल वाटले. आत किती चेंडू गेले, हे त्यांत कोठेच नव्हते. बाहेर किती गेले आणि कोणत्या बाजूला गेले, एवढेच लिहिलेले. ‘आज 11 बाहेर. 9 उजवीकडे, 2 डावीकडे.’

“फादर,” ते म्हणाले, “माझा चांगला फटका किती चांगला आहे ते मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. वाईट फटका किती वाईट आहे ते अजून शिकतोय.”

या उद्गाराचा अर्थ समजण्यासाठी वाचकांना थोडी माहिती देणे अवश्य आहे. गोल्फचा चेंडू 46 ग्रॅमपेक्षाही किंचित हलका आणि जेमतेम पावणेदोन इंचांचा. काठीच्या टोकाशी त्याची भेट सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागापुरती होते. त्या निमिषात काठीचे तोंड जिकडे असेल, बहुतांशी तिकडेच चेंडू निघतो. दिशा केवळ दोन अंशांनी चुकली तर 150 यार्डांवर तो पाच यार्ड बाहेर पडतो, आणि वर फिरकी मिळाली तर त्याहूनही दूर. हौशी खेळाडूचा नेहमीचा रोग म्हणजे काठी बाहेरून आत ओढली जाणे आणि तिचे तोंड उघडे राहणे. अशा वेळी उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू निघतो सरळ आणि वळतो उजवीकडे. स्नेह्यांच्या वहीतील ते नऊ चेंडू याच रोगाचे बळी होते. त्यावर उपाय पुष्कळ सांगितले जातात: डाव्या हाताची पकड थोडी आत वळवावी, कोपर अंगाशी ठेवावे, वजन वेळेवर डाव्या पायावर आणावे. परंतु हे सारे एकाच वेळी आठवू लागले की मनुष्य चेंडूपाशी पुतळ्यासारखा उभा राहतो. आमची पहिल्या हिवाळ्यातील अवस्था नेमकी तशीच होती.

यातून सुटका झाली ती खळ्यावर. आम्ही दोघे एके दिवशी शेजारच्या शेतकऱ्याची झोडणी पाहत बसलो होतो. भाताची पेंढी तो सावकाश खांद्यावर नेई, वर क्षणभर ती विसावे आणि मग आपल्याच भाराने खाली येई. सकाळपासून दुपारपर्यंत तीच गती. दाणे झडत होते, पण त्याच्या चेहऱ्यावर जोर लावल्याची खूण नव्हती. स्नेही पुटपुटू लागले, “एक, दोन, तीन, खाली. एक, दोन, तीन, खाली.” कसलेल्या गोल्फपटूंची चित्रफीत मोजून पाहिली असता काठी वर नेण्यास लागणारा काळ ती चेंडूपर्यंत खाली येण्याच्या काळाच्या सुमारे तिप्पट भरतो, हे त्यांनी वाचले होते. परंतु वाचणे वेगळे आणि खळ्यावर पाहणे वेगळे. दुसऱ्या दिवसापासून पकड, कोपर आणि वजन यांची सारी सूत्रे बाजूला ठेवून ते केवळ तीन आकडे मोजू लागले. पंधरवड्यात बाहेर जाणारे चेंडू अकरावरून सातावर आले. आम्हीही ती मोजणी उचलली. आमच्या चेंडूंनी तेवढी प्रगती केली नाही, तरी चटईचे हाल कमी झाले.

हा खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा क्लब 1829 मधला. मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाला. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान 1927 पासूनचे. मैदान साहेबांचे असले तरी पिशव्या वाहणारे कॅडी आसपासच्या वस्त्यांतले. स्नेह्यांचा पहिला गुरू असाच एक वयस्क कॅडी होता. चेंबूरच्या या कॅडींनी पुढे आपल्या वस्तीच्या गल्ल्यांतच गोल्फ मांडला. लोखंडी सळई वाकवून काठी, प्लॅस्टिकचा चेंडू, आणि दोन भिंतींमधील हातभर वाट हेच मैदान. तोमाश गुजोवाती या पोलिश छायाचित्रकाराने टिपलेली त्याची चित्रे जगभर पाहिली गेली. तेथे जोर कामाचा नाही; जोराचा चेंडू कोणाच्या तरी खिडकीत जायचा. गल्लीतल्या खेळाडूच्या हाताला सातत्य येते ते त्यामुळेच.

आणि हौशी म्हणजे कच्चा, असेही कोणी समजू नये. इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय पी. जी. सेठी यांनी 1965 मध्ये ती जिंकली तेव्हा ते हौशी खेळाडूच होते. अमेरिकेचे बॉबी जोन्स यांनी 1930 मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि तेही कधी पैशासाठी खेळले नाहीत. हौशी म्हणजे प्रेमाने करणारा, इतकाच त्याचा अर्थ.

आता हँडिकॅप या गोष्टीविषयी. हौशी खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार फटक्यांची जी सूट मिळते तिला हँडिकॅप म्हणतात. ज्याचा हँडिकॅप 16, त्याने 72 च्या मैदानावर 88 फटक्यांत फेरी संपवली तर तो आपल्या योग्यतेप्रमाणे खेळला, असे ढोबळमानाने म्हणता येते. 2020 पासून बहुतेक जगात याची एकच पद्धत लागू आहे. मैदानाच्या अवघडपणाचा हिशेब घालून खेळाडूच्या शेवटच्या 20 फेऱ्या घ्यायच्या, त्यांतील सर्वांत चांगल्या आठांची सरासरी काढायची, आणि उरलेल्या बारा सोडून द्यायच्या. म्हणजे हँडिकॅप सांगतो तो मनुष्य किती चांगला खेळू शकतो हे. तो रोज कसा खेळतो हे नव्हे. ज्याला सातत्य हवे त्याला त्या सोडून दिलेल्या बारा फेऱ्यांकडेच वळावे लागते. स्नेह्यांची वही ही त्या बारांची वही होती, हे आमच्या हळूहळू ध्यानात आले.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आरंभी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. प्रथम चहाच्या कपात, मग सहीत, मग काठीवर. वैद्यकीय उपचार सुरू झाले. कंप थोडा आवरला, पण गेला नाही. त्या मार्गशीर्षात आम्ही गेलो तेव्हा वहीत ‘19 बाहेर’, ‘22 बाहेर’ असे आकडे होते. त्यांच्या पत्नी आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, “फादर, तुम्ही तरी सांगा ह्यांना. आता कशाला तो त्रास? मुलांसमोर चेंडू भलतीकडे जातात, मलाच बघवत नाही.” त्या माउलीच्या बोलण्यात तथ्य होते. आम्ही विषय काढला. स्नेही बराच वेळ बांधाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फादर, थांबलो तर हात किती थरथरतो हे मला कळणार कसं? ही वही आहे तोवर मला माझी खबर आहे.”

त्यांनी काठ्यांच्या मुठी जाड करून घेतल्या, म्हणजे बोटांना कमी आवळावे लागते. वर नेण्याचा पल्ला निम्म्याने कमी केला. चेंडू आता आंब्यांपर्यंत पोहोचत नसे. त्यांनी लक्ष्यच अलीकडे आणले. तीन आकडे मोजणे मात्र मोठ्याने सुरू ठेवले, आणि त्या मोजणीत कंप काहीसा बुडून जाई, असा त्यांचा अनुभव होता. होळीपर्यंत वहीतील आकडा पंधरावर येऊन ठेपला आणि तेथेच राहिला. आज पंधरा, उद्या पंधरा, एखादे दिवशी सोळा. एके काळी हँडिकॅप 16 वरून खाली आणण्याची ईर्ष्या बाळगणारा हा मनुष्य आता कालच्याइतकेच आज खेळता यावे म्हणून झटत होता. चढण चढणाऱ्याचे कौतुक सारेच करतात. घसरत्या वाटेवर पाय रोवून उभा राहणाऱ्याचे कष्ट त्याहून कमी नसतात, पण ते दिसत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी खारघरला सिडकोने उभारलेल्या मैदानावर एक पूर्ण फेरी खेळण्याचे ठरवले. क्लबचे सभासदत्व नसलेल्यालाही तेथे शुल्क भरून खेळता येते. आम्ही फटके मोजणारे म्हणून बरोबर गेलो. एका ठिकाणी त्यांचा चेंडू उंच गवतात होता. ते काठी मागे नेण्याच्या तयारीत असताना हात थरथरला, काठीचे टोक चेंडूला लागले आणि चेंडू बोटभर सरकला. आम्ही दहा पावलांवर होतो. आम्हांला ते दिसलेही नाही. त्यांनी हात वर केला, चेंडू उचलून मूळ जागी ठेवला आणि म्हणाले, “फादर, एक फटका जादा लिहा.”

आम्ही म्हणालो, “अहो, तो हात आजाराने हलला. त्याचा दंड कसला?”

“चेंडूला आजार कळत नाही, फादर. लिहा.”

आम्ही लिहिला. फेरी 104 फटक्यांत संपली. बॉबी जोन्स यांच्याविषयी असेच सांगतात. 1925 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्यांचा चेंडू गवतात किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते, पंचांनाही खात्री नव्हती. त्यांनी स्वतःहून एक फटका लावून घेतला. पुढे बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत ते हरले. लोकांनी प्रशंसा केली तेव्हा त्यांना ती रुचली नाही. प्रामाणिकपणाची स्तुती करणे हेच त्यांना विचित्र वाटले. कीर्तिमान मनुष्याच्या त्या एका फटक्याची कथा शंभर वर्षे सांगितली गेली. खारघरच्या गवतातील फटका आम्हां दोघांखेरीज कोणास ठाऊक नाही. दोन्हींचे मोल आमच्या लेखी सारखेच आहे.

ती 104 ची फेरी त्यांच्या वीस फेऱ्यांच्या यादीत गेली. ती चांगल्या आठांत बसण्याचे कारण नव्हते, बारांत पडली. त्यांचा हँडिकॅप आज 23 आहे, आणि तो वाढत गेला तसतसा त्यांनी तो बिनबोभाट वाढू दिला.

वाचकहो, या पद्धतीवर आम्ही पुष्कळ विचार केला. माणसे मोजण्याची आपली घरगुती रीत बहुधा याच्या उलट असते. शेजाऱ्याची, सुनेची, भावाची योग्यता आपण त्याच्या वाईट बारा फेऱ्यांवरून ठरवतो, आणि स्वतःची मात्र चांगल्या आठांवरून. गोल्फच्या नियमांनी दुसऱ्याकडे पाहण्याची उदार नजर दिली आहे: तो उत्तम खेळला तेव्हा कसा खेळला, ते पाहा. आणि कळंबच्या वहीने स्वतःकडे पाहण्याची नजर दिली: आपले बाहेर गेलेले चेंडू मोजा, ते कोणत्या बाजूला गेले ते लिहा, आणि उद्या सकाळी पुन्हा 40 मारा. या दोन नजरा ज्याला एकाच वेळी सांभाळता येतील, त्याच्या सहवासात माणसे सुखी राहतील, असे आम्हांला वाटते.

यंदाची कापणी आटोपली आहे. चटई पुन्हा अंथरली गेली आहे. परवा दूरध्वनीवर विचारले, “आज किती बाहेर?” पलीकडून उत्तर आले, “सोळा. पण फादर, नऊ उजवीकडे आणि सात डावीकडे. आता दोन्हीकडे जवळजवळ सारखे!”