तेरची पांढर

गावाला काळी असते आणि पांढरी असते; काळीत पिकवायचे, पांढरीवर राहायचे. वर्गात हा भेद मी कित्येकदा समजावून सांगितला होता. पण पांढरी म्हणजे काय, हे मला कळले ते धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी.

तेरणेच्या काठचे हे लहानसे गाव उंचवट्यावर वसले आहे. हा उंचवटा निसर्गाचा नव्हे. दोन हजार वर्षे माणसे पडलेल्या घरांवर पुन्हा घरे बांधीत आली, त्याची ही रास. खाली निजले आहे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा पत्ता आहे : पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, आणि तेथून रोमन बाजारात. रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके इथे सापडली. इथल्या हस्तिदंती बाहुलीची जणू सख्खी बहीण इटलीत, इ. स. 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात निघाली!

1958 साली इथे उत्खनन झाले. पण त्याआधीपासून गावातले रामलिंगप्पा लामतुरे या वस्तू जमवीत होते. त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आज गावात आहे. ते पाहून बाहेर पडलो, तो पारावर एक आजोबा भेटले.

“पाऊस उघडला की आम्ही पोरं मणी वेचायला जायचो,” ते म्हणाले.

“मग त्यांचे काय केलेत?”

“काय करायचं? खेळलो. हरवले.”

मला हसू आले, आणि लगेच ओशाळलो. सारे तगर उकरायचे तर गाव उठवावे लागेल. गाव नांदायचे तर पाया खणावा लागणार, आणि कुदळीखाली तगरच येणार. दोष कुणाला द्यावा?

संध्याकाळी नदीकाठी गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले. ज्या गावच्या मातीत रोमचा व्यापार मुरला, त्याच गावच्या मातीने हा संत कुंभार घडवला. परतताना एका पडक्या भिंतीतून खापराचा तुकडा डोकावताना दिसला. घ्यावासा वाटला, हातही पुढे गेला. मग आजोबांची आठवण झाली. माझ्या कपाटात तरी तो दुसरे काय होणार होता? हरवणारच होता.

मी तो तसाच राहू दिला.