अनुदानाचा अर्ज आणि आमची मराठी

मराठी विभागाच्या दारात विज्ञान शाखेचे कोणी येऊन उभे राहिले, की काम सहसा ठरलेले असते. एखाद्या समारंभाचे सूत्रसंचालन, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचे मानपत्र, नाहीतर पाहुण्यांच्या परिचयातले ऱ्हस्व-दीर्घ. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राच्या मॅडम कागदांचे बाड घेऊन आल्या, तेव्हा आम्ही दोघांनीही मनातल्या मनात मानपत्राची पहिली ओळ जुळवायला घेतली होती. निघाले वेगळेच. त्यांना एका केंद्रीय संस्थेकडे संशोधन-अनुदानासाठी प्रस्ताव पाठवायचा होता. चाळीस पानांचा तो प्रस्ताव अर्थातच इंग्रजीत होता आणि पूर्ण झाला होता. उरले होते शेवटचे परिशिष्ट : सहभागींसाठीचे माहितीपत्रक व संमतीपत्रक, मराठीत. "दोन पानंच आहेत, यंत्राकडून भाषांतर करून घेतलंय. फक्त शुद्धलेखन बघा," असे त्या म्हणाल्या. मुदतीला नऊ दिवस होते.

प्रस्तावाचा विषय किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि १५ ते १९ या वयोगटात ते प्रमाण ५९ होते. शाळांतून लोहाची निळी गोळी आठवड्याला एकदा दिली जाते. मॅडमचा प्रश्न साधा होता : गोळी मिळते, पण ती पोटात जाते का? आणि जात नसेल, तर का? काही शाळांत गोळीबरोबर मुलींशी आणि आयांशी नियमित बोलायचे, काही शाळांत नुसती गोळी, आणि वर्षाच्या आरंभी व अखेरीस रक्त तपासायचे, असा बेत. आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयातून असा प्रश्न विचारला जाणे हेच आम्हाला अप्रूपाचे वाटले.

यंत्राची मराठी वाचायला घेतली. पहिल्याच ओळीत मॅडम 'प्रमुख अन्वेषक' झाल्या होत्या. 'अन्वेषण' हा शब्द मराठी माणसाला एकाच खात्यामुळे ठाऊक आहे, ते म्हणजे गुन्हे अन्वेषण विभाग. पुढे 'तुमच्या मुलीचा नमुना घेतला जाईल' असे होते. (नमुना म्हणजे कोण, हे घरोघरी ठाऊक असतेच.) 'विषय कोणत्याही क्षणी अभ्यासातून मागे घेतला जाऊ शकतो' या वाक्यातला विषय म्हणजे ती मुलगी, हे कळायला आम्हालाच दोनदा वाचावे लागले. शाळांची निवड 'यादृच्छिक' होणार होती. हसू आले खरे. परंतु मूळ इंग्रजी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा हसू मावळले. यंत्राने काही मोठी चूक केली नव्हती. इंग्रजीतही त्या मुलीला 'सब्जेक्ट'च म्हटले होते. मराठीत येताच त्यातले उघडेपण दिसले, एवढेच.

शुद्धलेखन बाजूला राहिले आणि आम्ही ती दोन पाने नव्याने लिहायला बसलो. त्या निमित्ताने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे पहिल्यांदा वाचली. ही परिषद मूळची १९११ सालची, 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावाची. १९४९ मध्ये आजचे नाव मिळाले. जन्मनावातच 'फंड' होता, हे आम्हाला मोठे सूचक वाटले. नीतितत्त्वे मात्र आम्ही समजत होतो तशी रुक्ष निघाली नाहीत. माहितीपत्रक सहभागींना समजेल अशा त्यांच्या भाषेत हवे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीला ते त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवावे आणि मग अंगठा घ्यावा. सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि बारा ते अठरा या वयातल्यांची लेखी अनुमती घ्यावी, आईबापांची संमती असली तरीही. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे 'वाचक' या संकल्पनेवर बोलत आलो. अमुक एक मजकूर अमुक एका वाचकाला कळला की नाही, याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकणारा दस्तऐवज आम्हाला प्रथमच भेटत होता, आणि तोही प्रयोगशाळेच्या वाटेने.

भाषांतर परत इंग्रजीत करून ताडून पाहण्याचीही पद्धत असते. ते काम इंग्रजी विभागाकडे गेले. आम्ही 'यादृच्छिक' काढून 'शाळांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून' असे लिहिले होते. ते परत आले 'लॉटरी' होऊन. आमच्या महाविद्यालयात नीतिविषयक समिती नाही, त्यामुळे एका वैद्यकीय महाविद्यालयातील समितीकडे कागद जायचे होते. तिथल्या एका सदस्यांनी फोनवर सुचवले, की लॉटरी नको, जुगाराचा वास येतो. मराठीत तर लॉटरी नव्हतीच! अखेर चिठ्ठ्या राहिल्या, इंग्रजी बदलले. आमच्या आयुष्यात मराठीसाठी इंग्रजी बदलल्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

सहाव्या दिवशी आमचा मसुदा झाला. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही खूश होतो. वाक्ये आटोपशीर होती, जडशीळ शब्द एकही नव्हता. तेव्हा मॅडमनीच सुचवले, की एकदा कुणाला तरी वाचून दाखवू या. विभागात झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना बसवले. त्यांची मुलगी नववीत आहे. आम्ही वाचू लागलो. 'सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे' या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"ऐच्छिक म्हणजे पोरींना शाळेत असतो तो विषय ना, सर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्यांच्या पगाराचा आधारच 'ऐच्छिक मराठी' हा आहे, त्यांना या शब्दाचा हा अर्थ सुचू नये! 'तुमची मर्जी असेल तरच' असे करून पुढे वाचले. मावशी ऐकत होत्या. रक्त किती, तर बोटाच्या टोकातून थेंबभर, सुई नवी, खर्च काही नाही. सगळे संपल्यावर त्यांनी विचारले, "आणि नाही म्हटलं, तर तिची शिष्यवृत्ती जाईल का?"

शिष्यवृत्तीचा उल्लेख मसुद्यात कुठेही नव्हता. आम्ही तसे म्हणालोही. त्यावर मावशी म्हणाल्या, "वर शासनाचं नाव आहे की."

होते. नियमानुसार पहिल्याच ओळीत 'केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने' असे लिहिलेले होते. पैसा कुठून येतो हे सहभागींना सांगणे बंधनकारक आहे, आणि त्यात पारदर्शकता आहे असे ज्यांनी नियम केला त्यांना वाटले असणार. आम्हालाही वाटले होते. परंतु ज्या घरात शासन म्हणजे रेशन, दाखला आणि शिष्यवृत्ती, त्या घरात ही ओळ वाचली की पुढची 'मर्जी' उरतेच कुठे? तिथे ती विनंती राहत नाही, हुकूम होतो. आमच्या दोन पानांतले प्रत्येक वाक्य सोपे होते आणि तरीही सबंध मजकूर खोटा ठरत होता. हे आम्हाला, दोन एम.ए. झालेल्यांना, कळले नव्हते. त्या रात्री आम्ही पहिली ओळ खाली नेली, आणि तिच्या जागी लिहिले : 'तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती, शाळेतले जेवण, दाखला किंवा मार्क यांतले काहीही जाणार नाही. शाळेतल्या कुणालाही याचा राग येणार नाही.' मॅडमना दुसरे वाक्य नको होते. कुणाला राग येणार नाही याची हमी आपण कशी देणार, असा त्यांचा मुद्दा. तो बिनतोड होता. वाक्य काढले. आजही आम्हाला ते हवे होते असे वाटते.

अर्ज या वाङ्मयप्रकाराकडे आपल्याकडे कुणी वाङ्मय म्हणून पाहत नाही. पण मराठी माणसाने वैद्यकशास्त्रासाठी परक्या दारी केलेल्या अर्जांचा इतिहास बराच जुना आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेले पत्र आणि त्यावर आलेले उत्तर सर्वश्रुत आहे : मदत होईल, पण धर्म बदलावा लागेल. अनुदानाला अट असतेच. तिथे ती उघड होती एवढाच फरक. ती मदत घेतली गेली नाही. पुढे १८८३ च्या जूनमध्ये, अमेरिकेत पोचल्यावर, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जे पत्र लिहिले, ते श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा मुळातून वाचावे. आरंभीच त्या कबूल करतात, की प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही. मग स्वतःची प्रकृती आणि निश्चय एवढेच भांडवल पुढे ठेवतात. पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी आपण आलो आहोत असे सांगतात. आणि स्वतःसाठी काही न मागता कामासाठी लागेल तेवढे मागतात. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

हे पत्र आम्ही मॅडमना वाचायला दिले. त्या हसून म्हणाल्या, "आता हे पहिल्याच चाळणीत जाईल." खरेच आहे. आजच्या अर्जात उणीव मान्य करण्याला जागा नसते; जिथे असते तिथे ती 'संभाव्य जोखीम आणि तिचे व्यवस्थापन' या रकान्यात, आधीच सोडवलेली अशी येते. तीन वर्षांनी काय सापडेल हे आज लिहून द्यावे लागते. आम्हीही कधीकाळी अनुदान आयोगाचा लघु संशोधन प्रकल्प केला होता, जात्यावरच्या ओव्यांवर. 'अपेक्षित निष्पत्ती' या रकान्यात काय भरावे म्हणून चार दिवस घातले होते. ओव्या म्हणणाऱ्या बायांनी काय म्हणावे हे आम्ही आधीच कसे ठरवणार? शेवटी 'सांस्कृतिक दस्तऐवजीकरण' असे भारदस्त काहीतरी लिहिले. पुढे उपयोगिता प्रमाणपत्रावर सही झाली, तेव्हा ओव्यांपेक्षा छपाई यंत्राच्या पावतीचीच चौकशी अधिक झाली होती. असो.

देणाऱ्याचे चरित्र निधीत उतरते, हे मात्र या नऊ दिवसांत लक्षात आले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९३२ मध्ये त्यांच्या नावाने न्यास झाला आणि आजही तो जगभरच्या त्याच रोगाच्या संशोधनाला पैसा देतो. एका माणसाचे दुःख असे नव्वदहून अधिक वर्षे प्रयोगशाळा चालवते. औषध-व्यावसायिक हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून १९३६ मध्ये उभा राहिलेला न्यास २००८ पासून आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर भारतीय संशोधकांना शिष्यवृत्त्या देत आला आहे. आणि २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने २००८ सालच्या कायद्याने निर्माण झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आपल्यात सामावून घेतले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटींचा संकल्प, आणि त्यातला मोठा वाटा शासनाबाहेरून येणे अपेक्षित. याच संस्थेची एक योजना अशी, की नामवंत संस्था ही चाकाची तुंब आणि विद्यापीठे हे तिचे आरे. रूपक चांगले आहे. तालुक्याची महाविद्यालये त्या चाकात कुठे बसतात, हे आम्ही मॅडमना विचारले. "धाव म्हणा," त्या म्हणाल्या. लोखंडी धाव बैलगाडीच्या चाकाला असते आणि जमिनीला तीच लागते, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते. त्या शेतकरी घरातल्या आहेत.

प्रस्ताव मुदतीच्या आदल्या रात्री गेला. पाच महिन्यांनी परत आला. परीक्षकांचे शेरे दोन. एक असा, की मूळ संस्थेत पुरेशा प्रयोगशाळा-सुविधा नाहीत. ते खरेच होते. त्या असत्या तर अनुदान कशाला मागितले असते, हा प्रश्न विचारायची सोय अर्जात नव्हती. दुसरा शेरा नमुन्याच्या आकाराबद्दल होता, आणि तो रास्त होता असे मॅडम स्वतःच म्हणाल्या. माहितीपत्रकाबद्दल अवाक्षर नव्हते. ज्या दोन पानांवर आम्ही सहा दिवस घालवले, ती कुणी उघडली होती की नाही कोण जाणे. आम्ही थोडे हिरमुसलो, मॅडम नाहीत. त्यांच्या कपाटात असे तीन नकार आधीचेच होते.

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. नवी जाहिरात आहे. या वेळी वैद्यकीय महाविद्यालयातील एक डॉक्टर सहसंशोधक असतील, शाळा सहाऐवजी चौदा असतील. माहितीपत्रक तेच राहील, फक्त अर्जात आता सर्वसामान्यांना समजेल असा अडीचशे शब्दांचा सारांश मागितला आहे. तो इंग्रजीत हवा आहे, पण मॅडम म्हणाल्या, "आधी मराठीत लिहू या, मग मी तो उलटा नेते." पहिला खर्डा तीनशे बारा शब्दांचा झाला आहे. मावशींना उद्या अकरा वाजता वेळ आहे.